वाट बुडण्याची वेळ

४ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं आणि पार्सल आज सकाळी. अक्षर तसंच आहे तुझं. ओळ अजूनही शेवटाकडे वर चढत जाते. मास्तर म्हणायचे, तुमचा हा शेवटचा शब्द एक दिवस कागदाबाहेर जाऊन पडणार.

तू लिहितोस, "दादा, सतरा तारखेला येतोय. बघण्यासारखं काय काय आहे ते कळव, दहा वर्षांत बदललं असेल. आणि त्या दिवशी बेटाकडची वाट भरतीत किती वाजता बुडते तेवढं लिही. पोरीला सांगू नकोस."

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण वाटेच्या फाटकावर ते मला रोज शंभर माणसांना द्यावं लागतं.

दीपगृह आता लोकांसाठी खुलं केलं आहे. एकशे बारा पायऱ्या. पंचावन्नाव्या पायरीला एक खिडकी आहे, तिथे सगळे दम खायला थांबतात आणि आम्ही फक्त बाहेर बघायला थांबलो असं दाखवतात. तिकिटाच्या खिडकीवर तुझी खारू बसते. एकोणीस वर्षांची झाली. परवा एका पाहुण्याने तिला विचारलं, "ताई, समुद्र किती वाजता सुरू होतो?" ही शांतपणे म्हणाली, "काका, बंद करायला कुणी आलंच नाही अजून." रांगेतले सगळे हसले. तो गृहस्थही हसला आणि दोन तिकिटं जास्त घेऊन गेला. हे तिच्या आईचं आहे, तुझं नाही. तुला पटकन उत्तर कधी सुचलं नाही.

दक्षिणेला खडकांमध्ये डबकी आहेत, ती आठवतात ना? ओहोटीला त्यांत तारामासे अडकून राहतात. तिथे आता लाकडी फळ्यांची पायवाट केली आहे, पाय घसरत नाहीत. उत्तरेच्या कड्यावर दुर्बीण बसवली आहे. हिवाळ्यात आलेले पांढरे पक्षी अजून परतलेले नाहीत. जुना नावाडी आता थकला, पण सकाळी सातची फेरी स्वतः मारतो. त्याच्या होडीत बसून कड्याखालच्या गुहेपर्यंत जाता येतं. आत गेल्यावर तो वल्ही उचलून धरतो आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगतो. मग पाणी श्वास घेतं. मला देवाची आठवण सर्वांत जास्त तिथे येते.

एवढं सगळं बघायचं तर तीन-चार दिवस हवेत. सतराऐवजी वीस तारखेला ये. तेव्हा गर्दी कमी असते.

पार्सलमध्ये तुझं घड्याळ निघालं. खारूच्या आईचा फोटो, खारूची शाळेची प्रगतिपत्रकं, आणि हे सगळं ठेवलेली तुझी ती चांगली पेटी. येणारच आहेस तर हे आधी पोस्टाने कशाला पाठवलंस? तुझ्या वहिनीने पेटी उघडली, बंद केली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. 

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात. या महिन्याचा भरती-ओहोटीचा तक्ता अजून आमच्याकडे आलेला नाही.

तुझा,
दादा

७ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझा फोन लागत नाही. तुझ्या वर्कशॉपला फोन केला. मालक म्हणाले, "एक तारखेपासून येत नाहीत ते. पंचवीस वर्षं विजेच्या मोटारींची तार गुंडाळली, आता पुरे, म्हणाले. हत्यारं जोडीदारांना वाटून टाकली. हात चांगला होता हो त्यांचा." होता, म्हणाले. 

तुझ्या घरमालकाचा नंबर मिळवला. तो म्हणतो, खोलीतच आहेत, दिवा लागतो, दुधाची पिशवी आत जाते, पण दार कुणाला उघडत नाहीत. मी त्याला म्हणालो, रोज एकदा दार वाजवत जा. तो म्हणाला, "वाजवतो की. आतून 'बरं आहे' म्हणतात." रोज संध्याकाळी मी त्याला फोन करतो आणि तुझं ते 'बरं आहे' त्याच्या तोंडून ऐकतो.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. वस्तीच्या टोकाला खोपट होतं ना, जिथे जाळी ठेवायचे? तिथे आता एक बाई शंख-शिंपल्यांच्या वस्तू करायला शिकवतात. दोन तास बसायचं, आपल्या हाताने काहीतरी करायचं आणि घेऊन जायचं. तुझा हात चालेल तिथे. बारीक काम आहे. आणि पश्चिमेच्या बाकांवर बसलं की सूर्य बरोबर दोन खडकांच्या मधोमध मावळतो. फक्त याच महिन्यात. लोक लांबून येतात त्यासाठी.

हे लिहीत असताना तुझी वहिनी मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "पक्षी किती, पायऱ्या किती, हे काय लिहिताय? त्याला काय सहल काढायचीय?"

मी म्हणालो, "त्यानेच विचारलंय."

"त्याने दोन गोष्टी विचारल्यात."

"तक्ता आलेला नाही."

ती आत गेली. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "मग तुमच्या टेबलावर पेपरवेटखाली काय आहे? बायकोची जन्मपत्रिका?"

तक्ता आला आहे, धाकट्या. मार्चमध्येच आला. मी खोटं लिहिलं. आणि असला तक्ता कुठल्याही बंदरावर मिळतो, वर्तमानपत्रातही छापून येतो, हे तुलाही माहीत आहे. तरी तू मला विचारलंस. गेले तीन दिवस मी देवासमोर बसतो आणि नाव घेण्याऐवजी याचाच विचार करतो. ज्याला नुसती वेळ हवी असते तो माणसाला विचारत नाही. तू वेळ विचारली नाहीस. तू मला विचारतो आहेस, की दादा, तू मला सांगशील का.

नाही सांगणार.

दादा

१० एप्रिल

धाकट्या,

तुझं दुसरं कार्ड आलं. एकच ओळ: "दादा, तुझ्याइतका चांगला माणूस मी पाहिला नाही, तेवढी वेळ कळव आणि तिला सांभाळ."

आज सकाळी मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. पिशवी भरली, साडेसहाची बस धरायला स्टँडवर गेलो. बसमध्ये चढलोही. खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टरने घंटी वाजवली तेव्हा मी उतरलो. म्हणालो, पाकीट विसरलं. पाकीट खिशात होतं.

तुझ्या दारात उभा राहून मी काय बोलणार होतो? "असं करू नकोस" म्हणणार होतो. तू विचारलं असतंस, "का?" त्याचं एकच खरं उत्तर आहे, आणि ते फक्त माझ्याकडे आहे. दहा वर्षांपासून.

मला चांगला माणूस म्हणू नकोस. एवढं तरी करू नकोस.

१२ एप्रिल

धाकट्या,

पहाटे उठून आंघोळ केली, देवासमोर बसलो. आज काही मागितलं नाही. म्हणालो, आता लिहितो.  अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तुला काय माहीत आहे ते आधी लिहितो.

तुम्ही तिघं सुट्टीत आमच्याकडे आला होता. खारू नऊ वर्षांची. सतरा एप्रिलला जेवताना तुमचं भांडण झालं. ती म्हणत होती, इथेच राहू, शहरातल्या त्या एका खोलीत पोरीला खोकला सुटत नाही. तू म्हणालास, "एवढं प्रेम असेल तर जा, समुद्रात जाऊन राहा." ती ताटावरून उठली आणि गेली. तू समजूत काढायला गेला नाहीस. संध्याकाळी ती सापडली.

मग चौकशी झाली. नावाड्याने सांगितलं, "सव्वादोनला ताई वाटेच्या तोंडाशी वेळेच्या फळ्यासमोर उभ्या होत्या. नीट वाचला फळा. मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मग सावकाश वाटेवर उतरल्या." फळ्यावर लिहिलेलं होतं: तीनच्या आत परत. बेटाकडे चालत जायला वीस मिनिटं लागतात. सगळ्यांनी हिशेब केला. वेळ वाचून, घड्याळ बघून गेलेली बाई तीन वाजून गेले तरी बेटावरून निघत नाही, म्हणजे तिला परत यायचंच नव्हतं. तोंडावर कुणी बोललं नाही. पण तू ते ऐकलंस. तुझं वाक्य तिने खरं केलं, असं तू धरून बसलास. पोरीच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून तिला आमच्या पदरात टाकून गेलास.

आता तुला जे माहीत नाही ते.

फळ्यावर वरच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने 'आज' असं लिहिलेलं होतं. कायमचं. त्याखाली मी रोज खडूने वेळ लिहायचो. वाट रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा बुडते, म्हणून आकडा रोज बदलतो. हे काम सकाळी करायला हवं. पण सकाळ मला देवासाठी मोकळी हवी असायची. म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. आदल्या संध्याकाळी काम आटपलं की मी फळा पुसायचो आणि दुसऱ्या दिवसाची वेळ लिहून ठेवायचो. 'आज'च्या खाली उद्याची वेळ. तोवर अंधार पडलेला असायचा, वाचायला कोणी नसायचं. सात वर्षं असंच चाललं.

त्या दिवशी दोन वाजता पलीकडच्या गावात प्रवचन होतं. एक वाजता बेटावरची शेवटची माणसं परत आली. ऊन होतं, चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, आता कोण येतंय. मी तीन पुसलं आणि उद्याचे तीन पन्नास लिहिले. आणि प्रवचनाला गेलो.

तिने काय वाचलं, कळलं? 'आज, तीन पन्नासच्या आत परत.' घड्याळात सव्वादोन. वीस मिनिटं जायला, वीस यायला, मध्ये पाऊण तास बसायला. राग शांत व्हायला तेवढा वेळ पुरतो. तिने बरोबर हिशेब केला, धाकट्या. आकडाच चुकीचा होता.

अजून आहे.

प्रवचनात माझं लक्ष लागेना. का ते मला आजही सांगता येत नाही. मी मधूनच उठून सायकलने परत आलो. पावणेचार वाजले होते. वाट पूर्ण बुडाली होती. नावाडी ओरडत होता, होडी ढकलत होता, "पाण्यात कोणीतरी आहे!" म्हणत होता. आणि मी, तुझा दादा, पाण्याकडे गेलो नाही. आधी फळ्याकडे गेलो. ओल्या फडक्याने तीन पन्नास पुसले आणि तीन लिहिले. मग धावलो. होडीला दुसरं वल्हं मारायला माणूस हवा होता, तो दोन मिनिटं उशिरा मिळाला. त्या दोन मिनिटांत काय झालं असतं, काय नसतं, ते देवाला माहीत. मी त्याला रोज विचारतो. तो सांगत नाही.

चौकशीत मला विचारलं, "फळ्यावर काय होतं?" मी म्हणालो, तीन. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. प्रार्थनेला बसणारा माणूस, त्याला कोण विचारणार.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की खरं सांगितलं तर नोकरी जाईल, तुरुंग होईल, मग खारूला कोण बघणार. हे सगळं खोटं नव्हतं. पण खारू माझ्याकडे कशामुळे आली? माझ्या गप्प बसण्यामुळेच तू गेलास, आणि मग मी तिला सांभाळतो म्हणून लोक मला नमस्कार करू लागले.  

तिला मरायचं नव्हतं. तुझ्या वाक्याने ती मेली नाही. ती माझ्या आकड्याने मेली. हे तू शंभर वेळा वाच. मग माझं काय करायचं ते कर.

१५ एप्रिल

धाकट्या,

वरचं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. टपालपेटीपर्यंत चार वेळा गेलो. तिसऱ्या वेळी पोस्टमन म्हणाला, "काय, पेटीची राखण पण तुम्हालाच दिली का?"

काल रात्री जेवण झाल्यावर मी ते तुझ्या वहिनीपुढे ठेवलं. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलंच नाही. म्हणाली, "त्या संध्याकाळी तुमच्या हाताला खडू होता. ओल्या कपड्यांनी माणूस येतो, त्याच्या नखांत खडू कसा?"

"तुला माहीत होतं?"

"मला खडू माहीत होता. बाकीचं तुम्ही सांगाल म्हणून थांबले." मग कागदांची घडी घालत म्हणाली, "किती थांबवता हो माणसाला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, उद्या पोस्टात टाकतो. ती म्हणाली, "तीन दिवसांवर सतरा तारीख. पोस्टाने कधी पोचणार? आणि पहिलं वाचायचा हक्क त्याचा नाही. तिचा आहे."

आज सकाळी खारू कामावर जायला निघाली, चप्पल घालत होती. मी तिला थांबवलं आणि हातात पत्र दिलं. तुझी दोन्ही कार्डंही दिली. ती उंबऱ्यावर बसूनच वाचायला लागली. मी समोर उभा होतो. बसायला मला जमेना. तिने सावकाश वाचलं. एका पानावरून परत मागे गेली. मग वर न बघता विचारलं, "आई भांडून गेली, पण मला टाकून गेली नव्हती?"

"नाही."

"तीन पन्नास वाचून गेली?"

"हो."

"म्हणजे चार वाजता घरी येणार होती."

 ती पुन्हा म्हणाली, "चार वाजता येणार होती ती." आणि मग रडली. मी जवळ जायला लागलो तर तिने हात पुढे करून मला तिथेच थांबवलं. तुझी वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली.

नऊ वर्षांची असताना तिने एकदा मला विचारलं होतं, "मोठे काका, मी त्या दिवशी जेवताना भाजी टाकली म्हणून आई गेली का?" मी म्हणालो होतो, "नाही गं, वेडाबाई." मला वाटलं, संपलं. पोरीने ते मनात ठेवून दहा वर्षं काढली, तशीच जशी तू काढलीस. एका घरात एक आणि एका खोलीत एक, आणि दोघांचं औषध माझ्या जिभेखाली.

दहा वाजता मी बंदर कचेरीत गेलो. लेखी दिलं. साहेब नवे आहेत, तीस-बत्तीसचे. दोनदा वाचून म्हणाले, "दहा वर्षांनी? आत्ताच का?" मी म्हणालो, "माझा भाऊ जिवंत राहायला हवा." त्यांनी पाणी दिलं, शिपायाकरवी वाटेच्या फाटकाच्या किल्ल्या मागून घेतल्या. पुढे काय होईल ते वरचे ठरवतील. सतरा तारखेला वाटेवर दुसरा माणूस असेल आणि फाटक बंद असेल, तेवढं मी साहेबांकडून लिहून घेतलं आहे.

परत आलो तर खारूने पिशवी भरली होती. दीड वाजताची बस. मी म्हणालो, मी येतो सोबत. म्हणाली, "तुम्ही नको." तिने मला आजवर अशा आवाजात काही म्हटलं नव्हतं. ते माझं मलाच मिळायला हवं होतं. घरमालकाला फोन करून सांगितलं आहे, ती पोचेपर्यंत तुझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बस. तो बसला आहे. भला माणूस आहे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतो म्हणाला, ऐकू येतं का बघ.

तुझ्याकडे मी माफी मागत नाही. ती मागायची जागा माझी राहिलेली नाही. तू मला भाऊ म्हणू नकोस, माझ्या घरी येऊ नकोस, माझ्याविरुद्ध साक्ष दे. फक्त ती साक्ष द्यायला जिवंत राहा. मला तुझा राग हवा आहे, धाकट्या. तुझ्या त्या कार्डावरची माया सोसत नाही.

वहिनी पिशवीत पाण्याची बाटली घालते आहे. खारू दारात उभी आहे. "झालं का लिहून?" विचारते आहे, माझ्याकडे न बघता. टपालात न टाकलेली ही पत्रं तीच घेऊन येते आहे. सहाच्या सुमाराला तुझ्या जिन्यावर पावलं वाजतील. ती घरमालकाची नसतील. खारू एकदाच दार वाजवते, पुन्हा वाजवत नाही, लहानपणापासूनची खोड आहे.

उघड.